हत्ती आत, विमान बाहेर

कर्नाटकी बेंदूर, गेले वर्ष. बैलांच्या शिंगांना रंग लावण्याच्या दिवशी आमच्या संस्थेचे दोन आसनांचे प्रशिक्षण विमान हँगरमधून बाहेर ढकलण्यात आले व मोकळ्या माळावर उभे करण्यात आले. जबाबदार : संस्थेचे सचिव.

त्याच दिवशी, सायंकाळ. रिकाम्या झालेल्या हँगरमध्ये एका मंडपवाल्याचे लग्नाचे सामान पावसाळ्यापुरते भरण्यात आले. त्यात कमानीच्या दोन बाजूंना उभे करतात ते फायबरचे दोन हत्ती होते. जबाबदार : सचिव, आणि ज्यांचे मेहुणे मंडपवाले आहेत ते अध्यक्ष.

नागपंचमीचा सुमार. विमान पुन्हा आत घ्यावे, हा माझा लेखी अर्ज फेटाळण्यात आला. जबाबदार : संपूर्ण कार्यकारिणी, जे सदस्य सभेला आले नाहीत त्यांच्यासह.

खंडेनवमी, सकाळ. विमान ज्या दोरांनी जमिनीला बांधलेले होते, ते दोर मला न विचारता बदलण्यात आले. जबाबदार : मंडपवाले, आणि त्यांना तसे करू देणारे सचिव.

खंडेनवमी, दुपार. या वेळी जबाबदारी घेण्यास संस्थेचा एकही पदाधिकारी पुढे आला नाही. ती घेतली उचगावच्या गवत कापणाऱ्या पाच-सहा बायकांनी.

वसुबारस. त्याच बायकांनी विमानाची नासधूस केली असे लिहून त्यांना माळावर येण्यास बंदी करण्यात आली. जबाबदार : सचिव, स्वतःच्या सहीनिशी.

या अंकाच्या संपादकांनी मला 'विमानाच्या नोकरीतील गमतीजमती' लिहून मागितल्या होत्या. त्या मी देणार आहे. पण आयुष्यभर मी ज्या व्यवसायात होतो, त्यात आधी काय बिघडले ते लिहितात, मग ते का बिघडले ते लिहितात, आणि खाली सही करतात. त्या सवयीबाहेर जाऊन लिहिणे आता या वयात मला जमणार नाही.

माझा व्यवसाय सांगतो. मी विमान चालवीत नसे. विमान उडण्यास योग्य आहे असे लिहून देणारा परवानाधारक अभियंता मी होतो. वैमानिक कितीही मोठा असो, माझी सही नसेल तर त्याने खुर्चीत बसून पेपर वाचावा, असा कायदा आहे. तो कायदा मला फार आवडतो. प्रारंभीची वर्षे मी मोठ्या शहरांत मोठ्या विमानांवर काढली, आणि नोकरीच्या उत्तरार्धात घरी, कोल्हापुरास, परत आलो. राजारामपुरीत माझे घर आहे. तेथून रोज सकाळी स्कूटरने उचगावच्या पलीकडच्या माळावर जाई. तेथे एका खासगी उड्डाण प्रशिक्षण संस्थेची लहानशी धावपट्टी, एक कचेरी, एक हँगर आणि एक विमान होते.

लोकांना वाटते, विमान आकाशात जपावे लागते. आकाशात ते स्वतःला जपते. जपावे लागते ते जमिनीवर, आणि सर्वांत जास्त उघड्यावर. सचिवांनी माझ्या अर्जाला दिलेले उत्तर असे होते की, विमान पावसात उडू शकते, तर पावसात उभे राहण्यास त्याला अडचण नसावी. मी उलट टपाली लिहिले की, माणूसही पावसातून चालत घरी येतो, म्हणून त्याची खाट कोणी अंगणात टाकीत नाही. त्या पत्राला उत्तर आले नाही.

उघड्यावरच्या विमानाचा पहिला शत्रू पाणी, पण धो-धो कोसळणारे नव्हे. ते वाहून जाते. शत्रू म्हणजे साठणारे पाणी. पंखांना आणि शेपटीच्या पट्ट्यांना खालून बारीक छिद्रे ठेवलेली असतात. आत शिरलेले पाणी त्यांतून गळून जावे म्हणून. चिखलाने ती बुजली की पत्र्याच्या पोकळीत पाणी राहते, आणि बाहेरून विमान नवरदेवासारखे दिसत असताना आतून गंजत जाते. पेट्रोलची टाकी अर्धी ठेवली तर रिकाम्या भागातल्या हवेचे पहाटे दव होते आणि ते पेट्रोलात उतरते. म्हणून उघड्यावरच्या विमानाची टाकी भरून ठेवायची आणि रोज सकाळी खालच्या तोटीतून काचेच्या भांड्यात थोडे पेट्रोल काढून पाहायचे. आमचे पेट्रोल निळसर असते. तळाशी पाण्याचा बिनरंगी थर दिसला की ते ओतून द्यायचे आणि पुन्हा काढायचे, थर दिसेनासा होईपर्यंत.

दुसरा शत्रू जीवजंतू. पंखाखाली बोटाएवढी एक नळी पुढे तोंड करून असते. तिच्यात समोरून वारा शिरतो आणि त्यावरून वैमानिकाला वेग कळतो. कुंभारीण माशीला ही नळी म्हणजे बांधून तयार असलेले घर. दोन दिवस टोपी घालायला विसरा, आत मातीची खोली तयार. साळुंकीला इंजिनाची पोकळी आवडते. तिची काटक्या-चिंध्यांची घरटी मी इतकी काढली की, मी बोनेट उघडायला गेलो की ती तारेवर बसून मला शिव्या देई. त्यांचा अनुवाद येथे देत नाही.

तिसरा शत्रू खास आपल्या भागातला. हंगाम सुरू झाला की गुऱ्हाळांच्या चुलवाणांतून जी काजळी उडते ती ओल्या पत्र्यावर बसते आणि रंग खाते. परगावच्या एका तज्ज्ञांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे असा प्रश्न नाही." मी म्हटले, "तुमच्याकडे असा गूळही नाही."

विमान झाकणे हेही एक शास्त्र आहे. आमच्याकडे काही वर्षे एका उद्योगपतींचे स्वतःचे लहान विमान असे. गृहस्थ हौशी. त्यांनी विमानाला गवताच्या गंजीसारखी निळी प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळली, वरून सुतळीने आवळली आणि मोठ्या समाधानाने गोव्यास गेले. परत आले तेव्हा काचेवर ओरखड्यांची जाळी होती, कारण ताडपत्री वाऱ्यात फडफडताना तिच्याखालची धूळ काचेवर घासत होती. आणि आत इतका दमटपणा कोंडला होता की खुर्चीवर बुरशी आली होती. त्यांनी मला विचारले, "हे कोणी केले?" मी म्हणालो, "आपण."

कापड पाणी अडवणारे हवे आणि वाफ सोडणारेही हवे, आतून मऊ हवे, आणि अंगाला असे बसायला हवे की वाऱ्याला त्यात बोट घालता येऊ नये. असे कापड शेवटी मला इचलकरंजीत मिळाले. आण्णा म्हणून एक यंत्रमागवाले होते. त्यांना नम्रता हा शब्द ठाऊक नव्हता. ते स्वतः माळावर आले, विमानाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ह्येचं माप काय घ्यायचं? म्या डोळ्यानं घेतलं."

मी म्हणालो, "आण्णा, हे विमान आहे. माप कागदावर घ्या."

"सायेब, आजपातूर माझं कापड कुणाच्या अंगावर तोकडं पडलं न्हाय. तुमच्या इमानाचं तर लगीनबी ठरायचंय."

शेवटी माप कागदावर घेतले, कारण मी टेप त्यांच्या हातात दिली आणि दुसरे टोक सोडले नाही. पण त्या माणसाने जो अंगरखा शिवून आणला, त्याला माझ्या सबंध नोकरीत तोड नव्हती. अस्तर मऊ सुती, शिवण दुहेरी, पट्टे पोटाखालून, आणि जिथे जिथे बक्कल धातूचे, तिथे तिथे त्याखाली कापडाची गादी. मी एकेक बक्कल उलटून पाहत राहिलो. आण्णांनी ते ताडले आणि म्हणाले, "आता लिवा की पत्र, चांगलं हाय म्हून." मी लिहिले. त्यांनी ते मढवून मागाच्या खोलीत लावले आहे.

आता मूळ विषय, म्हणजे दोर.

विमानाला आपण जमिनीवर आहोत हे कळत नसते. समोरून वारा पुरेसा आला की पंख आपले काम करू लागतो. म्हणून प्रत्येक पंखाखालच्या कडीला एक आणि शेपटीला एक असे दोर लावून ते जमिनीतल्या खुंट्यांना बांधतात, आणि नाक वाऱ्याकडे ठेवतात. आमच्याकडे पावसाळाभर वारा पश्चिमेचा, परतीचा पाऊस मात्र पूर्वेकडून अंगावर येतो. त्यामुळे नवरात्र लागताच मी विमानाचे तोंड फिरवून घेत असे. दोर नायलॉनचा घ्यायचा, सुती कधीही नाही. सुती दोर भिजला की आखडतो. कोरडा असताना ताठ बांधलेला सुती दोर पावसात पंख तरी वाकवतो, नाहीतर खुंटा तरी उपटतो. आणि कोणताही दोर घ्या, त्याला थोडी ढील द्यायचीच. फार दिली तर विमान हिसके खाते, मुळीच दिली नाही तर ते स्वतःला मोडून घेते.

ही गोष्ट मी नव्या विद्यार्थ्यांना फळ्यावर आकृती काढून शिकवीत असे. माळावर गवत कापायला येणाऱ्या हिराक्कांना ती शिकवावी लागली नाही. त्यांच्याकडे चार म्हशी. त्यांनी एकदा मी दोर बांधताना पाहिले आणि बरोबरच्या बाईला म्हणाल्या, "मंगल, बघ, सायेब दावं बांधतोय. आपल्यावानीच."

त्यांची ओळख करून देणे आवश्यक आहे, कारण हे लेखन त्यांच्यासाठी आहे. हिराक्का उचगावच्या. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, आवाज धावपट्टीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा. मंगल ही त्यांची धाकटी जाऊ. या दोघी आणि आळीतल्या आणखी तीन-चार बायका संस्थेच्या परवान्याने माळावरचे गवत कापून नेत. हा व्यवहार उभयपक्षी सोयीचा होता. गवत वाढले की त्यात ससे येतात, सशांमागे घारी येतात, आणि घार विमानाच्या काचेवर आदळली की काय होते ते मी पाहिलेले आहे. बायकांना चारा मिळे, आम्हाला मोकळी धावपट्टी मिळे. विमानाला त्या 'पाखरू' म्हणत. पाखरू बाहेर काढून हत्ती आत ठेवल्याचे त्यांनी पाहिले, तेव्हा हिराक्कांनी मला भर माळावर विचारले, "सायेब, हत्ती फायबरचं की वो? त्येला काय सर्दी हुतीया?"

हा प्रश्न मी माझ्या अर्जात घालायला हवा होता.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा होते. उद्यमनगरातला लेथ असो की रिक्षावाल्याची रिक्षा असो, त्या दिवशी हार चढतो. माझा या पूजेला विरोध नव्हता, आजही नाही. यंत्रापुढे वर्षातून एकदा हात जोडणारा माणूस ते यंत्र एरवीही नीट वापरतो, असा माझा अनुभव आहे. पण त्या वर्षी सचिवांना छायाचित्र हवे होते. मी सकाळी पोहोचलो तो विमानाचा अंगरखा उतरवलेला, पंखांना झेंडूच्या माळा, आणि माझे काळपट नायलॉनचे दोर नाहीसे झालेले. त्यांच्या जागी मंडपाचे नवे कोरे पांढरे सुती दोर, सतारीच्या तारेसारखे ताठ.

"हे कोणी केले?" मी विचारले.

सचिव म्हणाले, "मंडपवाल्यांनी. जुने दोर फोटोत फार घाण दिसत होते हो. आणि लोंबत होते."

"लोंबत नव्हते. ढील दिली होती. माझे दोर कुठे आहेत?"

"हँगरमध्ये टाकलेत."

"किल्ली द्या."

"किल्ली मंडपवाल्यांकडे. ते आत्ताच दुसऱ्या मांडवावर गेले. येतील दुपारी. सणाच्या दिवशी काय लावलंय इंजिनिअर, बघा जरा प्रसन्न वाटतंय किती!"

मी त्यांना तोंडी सांगितले की हे दोर सुती आहेत, पाऊस आला तर आखडतील, आणि खुंटे चार महिन्यांच्या पावसाने भिजलेल्या मातीत आहेत. हे सांगितल्याला साक्षीदार आहेत. पूजेसाठी आलेले गुरुजी तेथे उभे होते. त्यांनी आकाशाकडे पाहून "आज नाही येत," असा निर्णयही दिला.

दोर सैल करायला गेलो, तर मंडपवाल्यांच्या त्या गाठी ओढून इतक्या घट्ट बसलेल्या की सुटेनात. कापाव्यात तर दुसरा दोर हाती नाही. तेवढ्यात पूजा सुरू झाली. विमानाच्या डाव्या अंगाला, नाकाच्या मागे, रुपयाएवढी एक चकती असते आणि तिच्या मध्यभागी बारीक छिद्र असते. बाहेरच्या हवेचा दाब त्या छिद्रातून आत कळतो आणि त्यावर उंची व वेग दाखवणारे काटे चालतात. ते छिद्र बुजले तर वैमानिकाला आपण किती उंचीवर आहोत ते कळत नाही. गुरुजींना मात्र ती चकती पाहून वाटले की ही टिळ्यासाठीच केलेली जागा आहे. त्यांनी तीवर ओले गंध लावले, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. मी धावलो तोवर एक छान मळवट भरला गेला होता.

"या विमानाचे आज उड्डाण होणार नाही," मी जाहीर केले आणि मऊ फडके मागवले.

सचिव लाल झाले. "देवाचं कुंकू पुसता?"

गवताचा भारा बांधत असलेल्या हिराक्का लांबूनच ओरडल्या, "अवो, कुंकू कपाळाला लावत्यात. नाकाच्या भोकात न्हाय!"

पूजेला बोलावलेले पाहुणे हसले. सचिव हसले नाहीत. पुढे वसुबारसेला जे झाले त्याचे बीज मला या हशात दिसते, पण हा माझा तर्क आहे. तो मी पुरावा म्हणून मांडीत नाही.

पाहुणे कचेरीच्या व्हरांड्यात प्रसाद घ्यायला गेले. मी विमानापाशी बसून ते छिद्र स्वच्छ करीत राहिलो. दुपार कलली आणि पूर्वेकडून आभाळ भरून आले. आधी बारीक पाऊस आला. तेवढा पुरेसा होता. मी पाहत होतो, पांढरा दोर भिजला, करडा झाला, आणि पंखाच्या कडीपाशी करकरू लागला. मी व्हरांड्याकडे तोंड करून किल्लीसाठी ओरडलो. "फोन उचलत नाहीत ते," असे उत्तर आले. मग वारा आला. डावीकडचा खुंटा एकदा हलला, आणि मातीतून अलगद बाहेर आला.

मी वाक्य जपून लिहितो. डावा पंख वर उठला. डावे चाक जमिनीवरून सुटले. मी पंखाखालच्या तिरक्या दांडीला, जिला आम्ही स्ट्रट म्हणतो, दोन्ही हातांनी लोंबकळलो. चाक खाली टेकले आणि पुन्हा उठले. माझे वजन पुरे पडत नव्हते. आणखी एक झोत आला असता तर ते विमान उजव्या पंखावर पालथे झाले असते, आणि बहुधा मीही.

व्हरांड्यातून सचिवांचा आवाज आला. तो मी स्पष्ट ऐकला. "धरा! अहो बायांनो, धरा! सोडू नका!"

आणि बायका आल्या. विळे टाकून, डोक्यावरची इरली फेकून, ओल्या गवतातून पळत आल्या. एकीनेही विचारले नाही की हे आमचे काम आहे का. मी ओरडलो, "पत्र्याला हात नको! दांडीला धरा!" आणि त्यांनी दांडीलाच धरले. हिराक्का माझ्या शेजारी, मंगल त्यांच्या पलीकडे, बाकीच्या सुटलेल्या दोराला. चाक खाली आले. या वेळी ते खालीच राहिले.

"आक्का, घसराय लागलोय की!" मंगल ओरडली.

"टाचा रुतीव! म्हस पान्यात निघाल्यावर कशी धरतीस? तशी धर!"

"म्हस वर न्हाय वो जात, आक्का!"

अशा वेळी माणूस हसतो हे मला त्या दिवशी कळले. आम्ही सगळे हसत होतो, आणि वाऱ्याने हसणे तोंडातल्या तोंडात अडकत होते.

हँगरच्या बाहेरच्या भिंतीला मंडपवाल्यांनी एक मोठा प्लायवुडचा फलक टेकवून ठेवलेला होता. त्यावर सोनेरी रंगात 'शुभविवाह' असे लिहिलेले. आत जागा उरली नव्हती म्हणून तो बाहेर होता. जागा का उरली नव्हती हे वाचकांस ठाऊक आहे. तो फलक वाऱ्याने उचलला, कोलांट्या खात आला, आणि आमच्या डोक्यावर डाव्या पंखाच्या वरच्या बाजूस आदळून पलीकडे गेला. मंगलने डोळे मिटले होते. हिराक्कांनी ते सगळे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "लागलं वो सायेब! लगीन लागलं पाखराचं!"

पण हात सोडला नाही. एकीनेही नाही.

झोत थोडा कमी झाला तसा हिराक्कांनी कमरेला गुंडाळलेला, भारा बांधायचा नायलॉनचा दोर सोडला. आखडलेला सुती दोर आता बांधण्याजोगा राहिला नव्हता, म्हणून मी हा पंखाच्या कडीत ओवला. खुंटा उरला नव्हता, तेव्हा दुसरे टोक त्यांनी स्वतःच्या कमरेभोवती घेतले, टाचा चिखलात रोवल्या आणि खाली बसल्या. बाकीच्या त्यांना मागून धरून बसल्या. मी दोर ओढू लागलो तशा त्या म्हणाल्या, "ढील, सायेब, ढील."

मी म्हणालो, "तेच करतोय."

"मंग हरकत न्हाय."

पाऊस थांबेपर्यंत त्या बायका त्या माळावर तशा बसून होत्या. मी माझ्या नोकरीत मोठमोठी यंत्रे पाहिली. डोंगराएवढी विमाने ज्यांच्यावर उचलून धरतात ते जॅक पाहिले. पण माणसांचा इतका चांगला खुंटा मी पाहिला नाही. त्यांच्या पाठी पावसाकडे होत्या, आणि तोंडे विमानाकडे. वारा वाढला की आपोआप सगळ्या एकदम मागे रेलत, कमी झाला की एकदम सैल होत. कोणी हुकूम देत नव्हते. हे मला कोणत्याही पुस्तकात शिकवलेले नव्हते आणि त्यांनाही नव्हते. आम्ही सर्व जण ते एकाच वेळी शिकत होतो.

व्हरांड्यातले लोक पाऊस थांबल्यावर आले. सचिवांनी विमानाभोवती एक फेरी मारली आणि पंखावरच्या झेंडूच्या माळा गेल्याबद्दल हळहळ व्यक्त केली.

दुसऱ्या दिवसापासून मी विमान तपासले. पंखांच्या मुळाशी, कड्यांपाशी, स्ट्रटच्या दोन्ही टोकांना, जिथे जिथे ताण आला असता तिथे तिथे. कोठेही तडा नाही, कोठेही बाक नाही. नुकसान एकच होते : डाव्या पंखाच्या वरच्या पत्र्याला, पुढच्या काठाजवळ, तळहाताएवढा एक खड्डा. त्या खड्ड्यात सोनेरी रंग लागलेला होता. मी तसे लिहिले आणि सही केली. पत्रा दुरुस्त झाला, मी पुन्हा तपासले, पुन्हा सही केली, आणि विमान उडाले. ते पहिले उड्डाण पाहायला हिराक्का कुंपणाशी आल्या होत्या. विमानाने माळावर एक वळसा घेतला तेव्हा त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि मंगलला म्हणाल्या, "बघ, कसं झ्याक गेलं. त्या दिशी सोडलं असतंस तर?"

"म्या सोडणारी व्हय?" मंगल म्हणाली.

त्यानंतर वसुबारसेला, गाय-वासराची पूजा करण्याच्या दिवशी, कचेरीच्या दारावर सूचना लागली. अंतर्गत चौकशीत असे आढळले आहे की, खंडेनवमीच्या दिवशी गवत कापणाऱ्या काही स्त्रिया विमानाच्या पंखास अनधिकृतपणे लोंबकळल्या व त्यामुळे पंखास खड्डा पडला. सबब त्यांचा गवताचा परवाना रद्द करण्यात येत आहे व त्यांना आवारात प्रवेशबंदी करण्यात येत आहे. चौकशीत मला बोलावले नव्हते. गुरुजींना बोलावले नव्हते. हँगर, हत्ती, दोर, किल्ली आणि फलक यांपैकी एकही शब्द त्या सूचनेत नव्हता. नसणारच. विमान बाहेर का होते, हा प्रश्न एकदा विचारला की उत्तर अध्यक्षांच्या मेहुण्यांपर्यंत जाते. बायकांपाशी आणून थांबवणे सोपे होते.

मी त्याच दिवशी लेखी हरकत घेतली. माझा मुद्दा शाळेतल्या मुलालाही समजेल असा आहे. त्या विमानाचा पंख माणसाच्या डोक्यावरून जातो. बायका त्याच्या खाली होत्या. खड्डा वरच्या बाजूला होता. खाली लोंबकळणाऱ्या बाईने वरच्या पत्र्याला खड्डा कसा पाडला, हे सचिवांनी आकृती काढून दाखवावे. आणि तिच्या हाताला सोनेरी रंग कुठून आला, तेही.

त्या पत्राला उत्तर नाही. नंतरच्या पत्रांनाही नाही. आमच्या घरी पोस्टाची तिकिटे संपली की आमच्या सौभाग्यवती न विचारता आणतात, एवढाच या पत्रव्यवहाराचा आजवरचा लाभ. तुळशीचे लग्न झाले, मुहूर्त सुरू झाले, हत्ती कामाला गेले आणि विमान आत आले. गुढीपाडव्याला मी निवृत्त झालो. शेवटची सही केली तेव्हा पेनचे टोपण लावायला जरा वेळ लागला. यंदाच्या बेंदराला विमान पुन्हा बाहेर आणि हत्ती पुन्हा आत गेले, हे मी रस्त्यावरून पाहिले. आता माझी सही कोणाला लागत नाही. दोर कोणता बांधला आहे, हे कुंपणाबाहेरून दिसत नाही. ही खंत मात्र आहे.

हे लिहिण्यापूर्वी मी उचगावला हिराक्कांकडे गेलो. गोठ्यात आता चारांपैकी दोन म्हशी आहेत. दोघींपुरताच चारा त्यांना मिळतो. चहा झाला. मी म्हणालो, "आक्का, परवाना परत मिळावा म्हणून मी लिहितो आहे."

त्या म्हणाल्या, "गवताचं जाऊ द्या वो. बांधावरचं आणंन, कुठनं तरी आणंन. पर गावात म्हणत्यात, ह्या बायकांनी इमान मोडलं. मंगलच्या पोरीच्या सासरी गेलतो, तर तितं बी इचारलं, 'इमान मोडलं त्या तुमीच का?' आता काय सांगायचं? आमी धरलं म्हून ते हाय की वो, सायेब. त्येवढं एक पुसून द्या. बाकी काय नको."

म्हणून आता या अंकाच्या पानांवरून, जिथे संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि सदस्य हे वाचणार आहेत, मी मागणी करतो. संस्थेचे अनेक सदस्य या अंकाचे वर्गणीदार आहेत, तेव्हा 'वाचनात आले नाही' हे उत्तर चालणार नाही.

सचिवांनी मला पत्र पाठवू नये. त्यांनी उचगावच्या चावडीसमोर, सकाळच्या वेळी, लोक जमलेले असताना, हिराक्का, मंगल आणि त्यांच्या सोबतिणींच्या समोर उभे राहावे. हँगर, हत्ती, दोर आणि किल्ली यांबद्दल मी त्यांना तेथे काही विचारणार नाही. त्यांनी एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे :

खंडेनवमीच्या दुपारी, कोरड्या व्हरांड्यात उभे राहून, "धरा, बायांनो, सोडू नका," असे कोण ओरडले?

उत्तर त्याच आवाजात द्यावे. तो आवाज त्या दिवशी वादळातूनही आम्हाला स्वच्छ ऐकू आला होता. चावडीवर तर वाराही नसतो.